लेकराबाळांसह इथिओपियात शिकवायला जाताना: मराठवाड्यातून येणारे नेहमीचे प्रश्न

आम्ही लातूरचे. माझे मिस्टर मृदाशास्त्राचे प्राध्यापक. ते इथिओपियात हवासा विद्यापीठात शिकवायला गेले आणि त्यांच्याबरोबर मी, मुलगी आणि मुलगा असं सगळं बिऱ्हाड गेलं. मी तिथल्या एका खासगी शाळेत गणित शिकवलं. परत आल्यापासून लातूर, नांदेड, परभणी, अंबाजोगाईकडचे शिक्षक-प्राध्यापक फोन करतात आणि पहिला प्रश्न पगाराचा असतो. त्याचं उत्तर खाली आहे. पण जी कुटुंबं मुदतीआधीच कंटाळून परतली, त्यांचं पगारामुळं क्वचितच अडलं. रोजच्या संसारात, शेजारपाजारात ती रुळली नाहीत. म्हणून संसाराविषयीच जास्त लिहिलं आहे.

इथिओपियाच का? तिथं भारतीय शिक्षकाला कोण ओळखतं?

चांगलं ओळखतात. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात तिथल्या शाळांमध्ये कितीतरी भारतीय शिक्षक होते. साठी-सत्तरी ओलांडलेला माणूस भेटला की 'मला गणित भारतीय गुरुजींनी शिकवलं' असं तो हमखास सांगतो. पुढं २००० नंतर सरकारनं एकामागून एक नवी विद्यापीठं काढली. पीएच.डी. झालेले प्राध्यापक कमी पडले आणि भारतातून मोठ्या संख्येनं माणसं नेली गेली. आता तिथलेच पीएच.डी. झालेले तरुण पुढं आले आहेत, त्यामुळं पूर्वीइतक्या जागा निघत नाहीत.

मराठवाड्याचं या देशाशी नातं तर फार जुनं आहे. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा कारभारी झाला, आणि १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला जमिनीखालून पाणी आणणारी नहर त्यानंच बांधली. १६२६ मध्ये तो वारला, कबर खुलताबादला आहे. मिस्टर पाण्याच्या नियोजनाचा धडा शिकवताना ही नहर सांगायचे. बऱ्याच विद्यार्थ्यांनी हे नाव कधी ऐकलेलं नसायचं. आपल्या देशातून गेलेल्या माणसानं तिकडं शहर उभं केलं, हे ऐकून वर्ग तास संपल्यावरही उठायचा नाही.

लेकरांना घेऊन जाणं सुरक्षित आहे का?

कोणतं गाव, ते आधी सांगा. देश मोठा आहे आणि सगळीकडं सारखी परिस्थिती नाही. टिग्राय भागात नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ युद्ध झालं. तिथल्याच मेकेले शहराच्या विद्यापीठात तेव्हा भारतीय प्राध्यापक होते. अम्हारा भागात ऑगस्ट २०२३ पासून संघर्ष पेटला. हवासा दक्षिणेला, सिदामा प्रदेशात आहे. नेमणुकीचं गाव अशांत भागात असेल तर एकट्यानंसुद्धा दहादा विचार करा आणि लेकरांना अजिबात नेऊ नका, पगार कितीही असो. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात अदिस अबाबातल्या भारतीय दूतावासात सगळ्यांची नावं नोंदवा.

पगार किती आणि हातात किती राहतो?

आकडा पद, पदवी आणि विद्यापीठ यावर ठरतो. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्यातला किती भाग डॉलरमध्ये घरी पाठवता येतो. पगार बिरमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, असेल आणि बाहेर पाठवायची परवानगी नसेल, तर तो तिथंच खर्च करावा लागतो. जुलै २०२४ मध्ये बिरचा दर बाजारावर सोडला आणि तो एकदम खाली आला. त्याआधीच्या हिशोबावर विसंबून कुणी तुम्हाला बचतीचा अंदाज सांगत असेल तर तो जुना समजा. करारात घरभाडं, सगळ्या कुटुंबाचं विमानभाडं, आजारपणाचा खर्च आणि डॉलरचा हिस्सा स्वच्छ लिहून घ्या.

इथलं बँकेचं साधं बचत खातंही बदलावं लागतं. अनिवासी झाल्यावर ते एनआरओ करायचं आणि परदेशातली कमाई एनआरई खात्यात घ्यायची. एनआरईवरच्या व्याजाला भारतात प्राप्तिकर नाही.

कागदपत्रांची तयारी कुठून सुरू करायची?

पदवीची प्रमाणपत्रं साक्षांकित करून घेण्यापासून. राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास, असा क्रम असतो आणि वेळ लागतो. लग्नाचं प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखलेही याच फेरीत करून घ्या. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो कराराच्या मध्येच संपणार नाही ना ते बघा. कॉलेजची नोकरी सोडायची नसेल तर असाधारण रजा आणि लिएन (परत आल्यावर त्याच जागेवरचा हक्क) लेखी घेतल्याशिवाय तिकीट काढू नका. प्राचार्यांच्या तोंडी आश्वासनावर गेलेल्यांचे परतल्यावर फार हाल झालेले मी पाहिले आहेत.

पिवळ्या तापाची लस जाण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. ते पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं. सुट्टीला घरी येतानाही ते जवळ हवं. नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात.

आम्ही शाकाहारी आहोत. तिथं खायचं काय?

ही काळजी सगळ्यात जास्त विचारली जाते आणि सगळ्यात लवकर मिटते. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास फार कडक असतात. दर बुधवार आणि शुक्रवार, शिवाय ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस. उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य. त्यामुळं त्या दिवशी कोणत्याही खानावळीत बसा, बेयाय्नेतु मागा, की एका मोठ्या इंजेरावर, म्हणजे तिथल्या आंबट पोळीवर, मसूर, वाटाण्याची डाळ, पालेभाजी, कोबी-गाजर असं सगळं शाकाहारी समोर येतं. इतर दिवशी मात्र विचारून खा, कारण शिरोतसुद्धा मसाल्याचं लोणी घातलेलं असतं.

शिरो म्हणजे हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या पिठाचं दाट कालवण, बर्बेरे हा लाल मसाला घालून शिजवलेलं. पिठल्यावर वाढलेल्या आमच्या लेकरांना ते पहिल्या घासाला आवडलं. इंजेराला वेळ लागला. टेफ नावाचं धान्य असतं, खसखशीएवढं बारीक. त्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या तव्यावर ही जाळीदार पोळी करतात. चव आंबट. पण आपल्याकडं येळवशीचं (वेळ अमावास्येचं) आंबिल पिणाऱ्या माणसाला आंबट नवं नाही.

बाजारात गेल्यावर मला खरा आनंद झाला तो कारळं बघून. कारळं मूळचं इथिओपियाचंच पीक. तिथं त्याला नुग म्हणतात आणि तेल काढतात. जवस, मेथी, धने, हळद, ओवा सगळं मिळतं. ज्वारीही ईशान्य आफ्रिकेतूनच जगभर गेलेली, त्यामुळं ती न मिळण्याचा प्रश्नच नव्हता. गिरणीत मात्र आपला नंबर बर्बेरेच्या दळणानंतर लावू नका. ती मिरची भाकरीत उतरते.

मग इथून न्यायचं तरी काय?

कुकर, आणि त्याच्या जास्तीच्या रिंगा व शिट्या. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून साधारण २,३५० मीटरवर आहे, हवासा साधारण १,७०० मीटरवर. इतक्या उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं आणि कुकरशिवाय तुरीची डाळ शिजता शिजत नाही. भाकरीचा लोखंडी तवा न्या. येसर, काळा मसाला, गूळ, पोहे आणि थोडी तूरडाळ पहिल्या दोन महिन्यांपुरती पुरे, नंतर तिथल्या बाजारावर या. बॅगा भरभरून धान्य नेणाऱ्यांचं मला कोडंच वाटतं. ते संपेपर्यंत बाजारात पाऊल टाकत नाहीत आणि बाजारात गेल्याशिवाय ना भाषा येते ना ओळखी होतात.

स्वेटर प्रत्येकाला दोन न्या. लातूरच्या उन्हाळ्यातून निघालेल्या माणसाला जुलैतलं अदिस थंडगार लागतं. जून ते सप्टेंबर तिथं पावसाळा असतो. विजेचे प्लग युरोपी पद्धतीचे असतात, अडॅप्टर इथूनच घ्या.

वीज-पाण्याची सोय कशी असते?

वीज जाते, पाणी पाळीनं येतं. ज्या शहरानं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी भरलं, तिथल्या बाईला पाणी साठवायला शिकवावं लागत नाही. घर बघताना मात्र गच्चीवर टाकी आहे का आणि किती लिटरची, हे भाड्याच्या आधी विचारा.

एकाच ताटात सगळे जेवतात म्हणे. आपण काय करायचं?

जेवायचं. हात धुवायला पाणी घेऊन घरातलं कुणीतरी येतं, उजव्या हातानं आपल्या समोरच्या भागातून खायचं. कधी यजमान स्वतःच्या हातानं घास करून तुमच्या तोंडात घालतात. याला गुर्शा म्हणतात, आणि तो मोठ्या मायेचा मान असतो. आपल्या घरात उष्ट्या-खरकट्याचे नियम आहेत, मला ते ठाऊक आहेत आणि माझ्या सासूबाई ते कडक पाळतात. तरीही सांगते, पहिला घास नाकारला की दार अर्धं मिटतं. मांसाचं ताट असेल तर उपवास आहे म्हणावं. तिथं उपवास ही गोष्ट प्रत्येकाला कळते, कुणी आग्रह करत नाही आणि तुमच्यासाठी वेगळं मांडतात.

शेजाऱ्यांशी कसं जमवायचं? भाषा तर येत नाही.

कॉफीला बोलावलं की जा. आणि गेलात की लगेच उठू नका. जमिनीवर हिरवं गवत पसरतात, धूप लावतात. कच्चे दाणे धुऊन तव्यावर भाजतात, त्याचा धूर प्रत्येकासमोर फिरवतात, मग कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना आणि बरका. बरकत ज्या फेरीत, तिच्याआधी उठून जाणं बरं दिसत नाही. दीड-दोन तास सहज जातात. सुरुवातीला मला वाटायचं, वह्या तपासायच्या राहिल्यात आणि मी इथं बसलेय. पण घरमालक भाडं का वाढवतोय, कोणत्या दवाखान्यात चांगले डॉक्टर आहेत, कोणत्या शाळेत बाई मारत नाहीत, ही सगळी माहिती मला तिथंच मिळाली.

दुसरी गोष्ट म्हणजे इदिर. गल्लीतल्या घरांची मिळून केलेली मंडळी असते. दर महिन्याला थोडी वर्गणी द्यायची. कुणाच्या घरी मयत झाली की तंबू, बाकडी, भांडी, स्वयंपाक सगळं इदिर बघतं आणि प्रत्येक घरातून माणूस जाऊन बसतो. आम्ही वर्गणी भरून त्यात गेलो. परदेशी माणसं दोन वर्षांनी जाणार, त्यांना याचा काय उपयोग, असं आमच्यातल्याच एका भारतीय प्राध्यापकांनी विचारलं होतं. आम्ही तिथं असताना इकडं लातुरात माझे वडील वारले. तिकीट मिळून निघेपर्यंत मधे जो वेळ गेला, त्यात आमचं घर शेजारणींनी भरून गेलं होतं. त्यांनी स्वयंपाक केला, लेकरांना सांभाळलं आणि माझ्याजवळ नुसत्या बसून राहिल्या. म्हणून ज्यांचा फोन येतो त्यांना मी इदिरचं आवर्जून सांगते.

आणि हो, भिशीही आहे. तिथं तिला इक्कुब म्हणतात. बायकांच्या इक्कुबमध्ये मी होते. तिथलं पहिलं कपाट त्याच पैशातून घेतलं.

तिथलं घड्याळ आणि वर्ष वेगळं आहे, हे खरं का?

खरं. दिवस उजाडल्यावर तास मोजायला सुरुवात होते. आपल्या सकाळी सातला तिथं एक वाजतो. वर्ष १३ महिन्यांचं असतं: ३० दिवसांचे बारा महिने आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा. वर्षाचा आकडा आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सात-आठनं मागं. नवीन वर्ष ११ सप्टेंबरला लागतं, लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ ला. घरात पंचांग, शक आणि इंग्रजी तारीख एकत्र वापरणाऱ्या माणसाला हे जमतं. फक्त दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा. बसचं तिकीट काढताना कोणत्या घड्याळाची वेळ ते विचारा, आणि करारावर दोन्ही तारखा लिहून घ्या. नेमणुकीची मुदत कोणत्या कॅलेंडरनं संपते, यावरून शेवटच्या पगाराचे वाद होतात.

वर्गात शिकवणं कसं असतं?

माध्यमिकपासून पुढं शिक्षण इंग्रजीतून. पण प्राथमिक शिक्षण बहुतेकांचं आपापल्या भाषेत झालेलं असतं, आणि देशात ८० हून अधिक भाषा आहेत. एका वर्गात सिदामा, अम्हारिक, ओरोमो बोलणारी मुलं शेजारी बसतात. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून थेट इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात गेलेल्या लातूरच्या मुलाची जी घुसमट होते तीच त्यांची. म्हणून आपल्या ग्रामीण भागात शिकवलेले शिक्षक तिथं चांगले ठरतात असं माझं मत आहे. फळ्यावर लिहा, हळू बोला, उदाहरण तिथल्या शेतातलं द्या. आपल्या इंग्रजीचा उच्चार त्यांना सुरुवातीला कळत नाही आणि विद्यार्थी मर्यादशील असल्यानं ते तोंडावर सांगतही नाहीत.

नावाची एक गंमत लवकर समजून घ्या. तिथं आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. प्राध्यापकालाही पहिल्या नावानंच हाक मारतात, आधी डॉक्टर लावून. यात अनादर नाही.

सोबत गेलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला काम करता येतं का?

जोडीदाराच्या परवान्यावर नाही. स्वतःचा वेगळा कामाचा परवाना लागतो आणि तो नोकरी देणारी शाळा काढते. बी.एड. झालं असेल तर ती प्रमाणपत्रंही इथूनच साक्षांकित करून न्या. नुसतं घरी बसायची वेळ आली तर पहिले सहा महिने फार जड जातात, हे पतीराजांनी आधी समजून घ्यावं. त्यांना विद्यापीठ असतं, मुलांना शाळा असते.

लेकरांची शाळा आणि मराठी?

मोठ्या गावांत इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा आहेत. आमची दोघं अशाच एका शाळेत गेली. अम्हारिक हा विषय सगळ्यांना असतो. त्या लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात रूपं असतात. बाराखडी गिरवलेल्या मुलीला ती तक्त्यावरून आठवडाभरात वाचता यायला लागली, मला वर्ष लागलं.

मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. रोज संध्याकाळी एक पान मोठ्यानं वाचायचं आणि रविवारी आजीला स्वतःच्या हातानं पत्र लिहून त्याचा फोटो पाठवायचा, एवढाच नेम आम्ही ठेवला. बोली मात्र आपोआप टिकली, कारण घरात आम्ही इंग्रजी बोललोच नाही.

आजारी पडलं तर?

साध्या आजाराला स्थानिक दवाखाने पुरतात, मोठ्याला अदिस गाठावं लागतं. अदिस उंचावर असल्यानं तिथं मलेरिया नाही, हवाशाला आहे. मच्छरदाणी लावा. पाणी उकळून प्या. हवाशाचं तळं फार सुंदर आहे, काठावर मासळीबाजार, मोठमोठे मराबू करकोचे. पण लेकरांना पाण्यात उतरू देऊ नका: तिथं पाणघोडे आहेत आणि पाण्यातून कातडीवाटे शिरणारा बिल्हार्झिया हा आजारही होतो. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज नेहमी खाली येतो. मुंबईहून अदिसला थेट विमान आहे, पण लातूरहून मुंबई गाठण्यातच एक रात्र जाते. म्हणून निरोप आल्यावर आपण वेळेवर पोचू, हे गृहीत धरू नका. इथं जवळ राहणारा एक माणूस ठरवा, त्याच्याकडं दवाखान्याचे कागद, विमा आणि खर्चाचे पैसे देऊन ठेवा. वेळेचा फरक अडीच तासांचा, त्यामुळं रोज बोलणं होतं. इंटरनेट मात्र कधी कधी सरकारच बंद करतं. २०२० च्या जूनअखेर ते देशभर सुमारे तीन आठवडे बंद होतं. असं झालं तर घाबरू नका, साध्या फोनवर बोलू, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

जमलं तर त्यांना थोडे महिने तिकडं न्या. सासूबाई आल्या होत्या. शेजारची आजी अम्हारिक बोलायची, या लातूरची मराठी, आणि दोघी मिळून दुपारभर मसूर निवडायच्या. गुडघे दुखतात, सून ऐकत नाही, पाऊस लांबला, हे सगळं त्या दोघींनी एकमेकींना कसं सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. पण सांगितलं होतं, कारण त्या मला शेजारणीच्या सुनेविषयी बरंच काही सांगायच्या आणि ते खरं निघायचं.

सणवार करता येतात का?

दिवाळी अदिसमध्ये भारतीय मंडळी एकत्र येऊन करतात. आम्हाला हुरहूर लागायची ती येळवशीची. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडं गाव ओस पडतं आणि सगळे रानात जेवायला जातात. तिकडं तेव्हा कोरडा हंगाम असतो, टेफची कापणी उरकत आलेली असते. मिस्टरांच्या एका विद्यार्थ्याच्या घरचं रान होतं. तिथं आम्ही ज्वारीच्या ताटांची कोप (खोपी) केली, पाच दगड मांडून पूजा केली, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिल नेलं. बाजरी मिळवायला फिरावं लागलं. त्याच्या आईनं आंबिल चाखलं, दुसऱ्यांदा मागितलं आणि आपल्या बाजूनं शिरो आणला. पुढच्या वर्षी त्यांनीच आठवण केली, तुमची ती रानातली पूजा कधी आहे म्हणून. त्यांच्या मेस्केलला, सप्टेंबरअखेर मोठी होळी पेटवतात, तेव्हा आम्ही त्यांच्या घरी असायचो.

परत आल्यावर मुलांना शाळेत घेतात का?

आठवीपर्यंत घ्यावंच लागतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. तिकडचा शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रकं इंग्रजीत, शिक्क्यासह आणा, आणि त्यावर इंग्रजी तारखा घालून घ्या. नाहीतर जन्मतारीख आणि वर्ग यांचा मेळ बसत नाही आणि शाळेतले क्लार्क फेऱ्या मारायला लावतात. दहावीच्या तोंडावर परतू नका. आठवी संपायच्या आत आलात तर मुलांना बोर्डाच्या अभ्यासक्रमाशी जुळवून घ्यायला दोन वर्षं मिळतात. उशीर झालाच तर १७ नंबरचा फॉर्म (दहावीला बाहेरून बसण्याचा) किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय हे मार्ग आहेत, पण दोन्हींच्या नोंदणीची मुदत आधीच बघून ठेवा.